आल्याचा अर्क बाटलीत भरण्याआधी: परवाना, चाचण्या, प्रमाण आणि लेबल

साताऱ्याकडे किंवा कन्नड-खुलताबादच्या पट्ट्यात आल्याचा भाव कोसळला की प्रक्रिया उद्योगाची चर्चा सुरू होते. आलेपाक आणि सरबतापर्यंत गाडी नीट चालते. पुढे कुणीतरी अर्काची कॅप्सूल किंवा आल्याचं केसतेल काढायचं ठरवतो, आणि तिथे दोन गोष्टी एकदम बदलतात: कायदा आणि मात्रा. चहात ठेचून टाकलेलं आलं जास्त झालं तर घसाच सांगतो. कॅप्सूल गिळली की जिभेचा हा पहारा उठतो.

म्हणून यंत्रं आणि बाटल्या घेण्याआधी खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. आधी लेबल छापून मग परवाना शोधणाऱ्यांची छापील लेबलं बहुधा रद्दीत जातात.

पायरी १: तुमचा अर्क नेमका कुठला?

आपल्याकडे ‘अर्क’ हा शब्द फार सैल वापरला जातो. आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफेवर काढलेला द्रव. आल्याचा असा अर्क किंवा वाफेवर काढलेलं तेल सुगंधी असतं, पण झणझणीत नसतं. तिखटपणा देणारी जिंजरॉल आणि शोगाऑल ही द्रव्यं वाफेबरोबर येतच नाहीत, वर येतात ती झिंजिबेरीनसारखी सुवासिक द्रव्यं. त्यामुळे ‘तेलात जिंजरॉल भरपूर’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून तेल घेऊ नका.

तिखटपणा हवा असेल तर सुंठ सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, काढावी लागते. अ‍ॅसिटोन, इथाइल अल्कोहोल किंवा हेक्झेनमध्ये काढून सॉल्व्हंट उडवलं की उरतो तो दाट, तपकिरी ओलिओरेझिन. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये काढलेला अर्क महाग पडतो, पण त्यात सॉल्व्हंट उरण्याचा प्रश्न राहत नाही. कॅप्सूलसाठी मिळणारी कोरडी पावडर म्हणजे बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून केलेल्या भुकटीवर चढवलेला अर्क. सौंदर्यप्रसाधनांसाठीचा अर्क पाणी-ग्लिसरीनमधला असतो आणि त्यात आल्याचा अंश अगदी थोडा असतो. खरेदीच्या कागदावर ‘आलं अर्क’ एवढंच न लिहिता प्रकार, सॉल्व्हंट आणि वाहक पदार्थ ही तिन्ही नावं लिहून घ्या.

वाणाचाही फरक पडतो. रिओ-डी-जानेरो वाणात ओलिओरेझिन १० टक्क्यांच्या आसपास निघतं, बऱ्याच वाणांत ते ४ ते ७ टक्केच असतं. वाण न बघता कंद विकत घेऊन उताऱ्याचा हिशेब मांडला तर तो चुकतो.

पायरी २: खाद्य, न्यूट्रास्युटिकल, औषध की प्रसाधन?

एकाच बाटलीवर चार वेगळे कायदे लागू शकतात. कुठला लागेल ते तुमचा दावा आणि वापराची रीत ठरवते.

सरबत, आलेपाक, बिस्किटातला स्वाद हे साधं खाद्य. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू, अर्ज फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर. ठरलेल्या मात्रेत घ्यायची कॅप्सूल, गोळी किंवा पुडी झाली की ती हेल्थ सप्लिमेंट वा न्यूट्रास्युटिकल, म्हणजे आरोग्यासाठीचं पूरक खाद्य, होते आणि त्यासाठीची २०१६ ची स्वतंत्र नियमावली लागते. तिच्या वनस्पतींच्या यादीत आलं आहे, पण यादीतलं दैनंदिन प्रमाण कच्च्या वनस्पतीच्या रूपात धरलेलं आहे, अर्काच्या नव्हे. याचा हिशेब चौथ्या पायरीत येईल.

आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं असेल तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. फॉर्म २४-डी मध्ये अर्ज, २५-डी मध्ये परवाना आणि कारखाना शेड्यूल टी, म्हणजे स्वच्छता आणि उत्पादन पद्धतीच्या नियमांप्रमाणे. महाराष्ट्रात हा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. केसतेल, शाम्पू, क्रीम असेल तर २०२० चे कॉस्मेटिक्स नियम: अर्ज सीओएस-५, परवाना सीओएस-८. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेणार असाल तरी जबाबदारी टळत नाही. खाद्य असेल तर तुमच्या नावावर मार्केटरचा परवाना लागतो आणि लेबलवर दोघांची नावं येतात.

सगळ्यात जास्त घोळ दाव्यांमुळे होतो. सरबताच्या बाटलीवर ‘संधिवातावर गुणकारी’ लिहिलं की खाद्याचा परवाना त्याला पुरत नाही, उलट तेच वाक्य तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतं. संधिवात, मधुमेह, लठ्ठपणा यांवरच्या उपायांची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत थेट येते, मग परवाना आयुर्वेदिक असला तरीही. खाद्याच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. इन्स्टाग्रामवरची रील ही सुद्धा जाहिरातच.

पायरी ३: खरेदीच्या वेळी काय तपासायचं

इथे एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण आजही तीच चूक होते. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात ‘जमैका जिंजर’ नावाचा आल्याचा अल्कोहोली अर्क औषध म्हणून विकला जाई. लोक तो दारूसारखा पिऊ नयेत म्हणून त्यात आल्याचा निष्कर्ष इतका घालावा लागे की तो कडूझार व्हावा. सरकारी तपासणी सोपी होती: बाटलीतला द्रव आटवायचा आणि उरलेला घन भाग वजन करायचा. भेसळ करणाऱ्यांनी आल्याऐवजी एरंडेल, उसाची मळी असं काहीबाही घालून वजन भरलं. पुढे बोस्टनमधल्या एका उत्पादकाने ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन वापरलं. त्याला चव नव्हती आणि ते उडूनही जात नसे. १९३० मध्ये हजारो माणसांचे पाय लुळे पडले. तपासणीत वजन मोजलं जात होतं, वजन कशाचं हे कुणी मोजत नव्हतं.

तेव्हा सप्लायरच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर, म्हणजे सीओएवर, फक्त ‘एकूण निष्कर्ष’ आणि ‘वर्णन: अनुरूप’ एवढंच असेल तर तो माल घेऊ नका. पुढचे आकडे मागा.

सुंठ पावडर असेल तर अन्न मानकांप्रमाणे ओलावा १२ टक्क्यांहून जास्त नको आणि बाष्पनशील तेल १ टक्क्याहून कमी नको. आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्याच्या वर गेली की समजा, माती-वाळू आहे. ९० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळणारा भाग किमान ५.१ टक्के आणि थंड पाण्यात विरघळणारा किमान ११.४ टक्के लागतो. या दोन अटींचं प्रयोजन साधं आहे. ओलिओरेझिन काढून उरलेला चोथा वाळवून, दळून सुंठ म्हणून विकला जातो. दिसायला तो ठीक असतो, पण त्यातलं विरघळण्यासारखं आधीच निघून गेलेलं असतं आणि तो इथे पकडला जातो.

अर्क असेल तर एचपीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) ६, ८ आणि १० जिंजरॉल आणि ६-शोगाऑल यांचे वेगवेगळे आकडे हवेत. आलं वाळवताना, तापवताना किंवा फार काळ साठवताना जिंजरॉलमधून पाण्याचा रेणू निघतो आणि शोगाऑल बनतं. ते जिंजरॉलहून बरंच जास्त तिखट. अर्कात शोगाऑलचं प्रमाण अनपेक्षित जास्त दिसलं तर माल जास्त तापला किंवा जुना आहे. याच चाचणीत कॅप्सायसिन शोधायला सांगा. कमी प्रतीचं ओलिओरेझिन तिखट भासावं म्हणून त्यात मिरचीचा अर्क मिसळतात, आणि चव घेऊन हा फरक ओळखता येईलच असं नाही.

उरलेलं सॉल्व्हंट वायू-क्रोमॅटोग्राफीवर मोजतात. मसाल्याच्या ओलिओरेझिनसाठी अमेरिकी मर्यादा हेक्झेनला २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग), अ‍ॅसिटोनला ३० पीपीएम आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलला ५० पीपीएम अशा आहेत. माल फक्त देशात विकणार असलात तरी सप्लायरकडे याच मर्यादा मागायला हरकत नाही.

कीडनाशकांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कंदमाशी, हुमणी आणि कंदकूज यांच्यापायी आल्याच्या वाफ्यात क्लोरपायरिफॉस, मेटॅलॅक्झिल, मॅन्कोझेब जातात. कच्च्या आल्यात अवशेष मर्यादेत असले तरी तेलकट सॉल्व्हंटमध्ये काढल्यावर तेलात विरघळणारं कीडनाशक अर्काबरोबर येतं आणि तेवढ्याच पटीने दाट होतं. म्हणून चाचणी कंदावर नको, तयार अर्कावर हवी. जड धातूंसाठी आयुर्वेदिक औषधांच्या मर्यादा हाताशी ठेवाव्यात: शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३.

चकाकणाऱ्या पांढऱ्या सुंठेचा मोह टाळलेला बरा. ती चुन्यात बुडवलेली असू शकते, मग राख वाढते. गंधकाची धुरी दिलेली असू शकते, मग सल्फाइट येतं. १० मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर अ‍ॅलर्जन म्हणून जाहीर करावं लागतं.

पायरी ४: मात्रेचा हिशेब

‘२०:१ अर्क, २५० मिलिग्रॅम’ (२० भाग आल्यातून १ भाग अर्क) असं लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये आलं किती? तीन उत्तरं येऊ शकतात.

गुणोत्तर कोरड्या सुंठेवर असेल आणि पावडर निव्वळ अर्काची असेल तर २५० गुणिले २०, म्हणजे ५ ग्रॅम सुंठ. पावडरीत ४० टक्के माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर निव्वळ अर्क १५० मिलिग्रॅम आणि सुंठ ३ ग्रॅम. आणि गुणोत्तर ओल्या आल्यावर मांडलेलं असेल तर ५ ग्रॅम ओलं आलं. त्यात साधारण ८० टक्के पाणी, म्हणजे सुंठ जेमतेम १ ग्रॅम. लेबल एकच, मात्रेत पाच पटींचा फरक. नियमावलीतल्या दैनंदिन प्रमाणाशी यातलं कुठलं उत्तर ताडायचं हे सीओएवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तुमची कॅप्सूल कायद्यात बसते की नाही हेच सांगता येत नाही.

सप्लायर खरं बोलतो का ते कागदावरच तपासता येतं. २०:१ म्हणजे १०० किलो सुंठेतून ५ किलो अर्क. अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनसाठी हे पटण्यासारखं आहे. पाण्यातला अर्क असूनही २०:१ म्हणत असेल तर शंका घ्या, कारण चांगल्या सुंठेचा किमान ११.४ टक्के भाग थंड पाण्यातच उतरतो, म्हणजे गुणोत्तर ९:१ च्या खालीच राहायला हवं. दुसरी पारख अशी: सुंठेत १ टक्का जिंजरॉल धरलं आणि अर्क वीसपट असेल तर त्यात १ टक्काच जिंजरॉल कसं?

तुलनेसाठी एक पक्का आधार युरोपीय औषध संस्थेचा. आल्यावरच्या तिच्या २०१२ च्या मोनोग्राफमध्ये, म्हणजे अधिकृत माहितीपत्रात, प्रवासातल्या मळमळीसाठी प्रौढांना प्रवासाआधी तासभर १ ते २ ग्रॅम सुंठ पावडर सांगितली आहे आणि ६ वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये असं म्हटलं आहे. ५ ग्रॅमच्या तोडीची कॅप्सूल दिवसातून दोनदा सुचवणारं लेबल याच्या शेजारी ठेवून बघा.

पायरी ५: सरबत किंवा शॉट बनवताना

लिंबात जशी आंबटाई असते तशी आल्याच्या रसात नसते. त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.५ ते ६.५ च्या आसपास असतो, आणि ४.६ च्या वर हवाबंद बाटलीत क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम हा जीवघेणं विष बनवणारा जिवाणू वाढू शकतो. आलं मातीतून येतं, त्यामुळे त्यावर बीजाणू असणारच, आणि उकळल्यानं ते मरत नाहीत. तेलात बुडवलेलं आलं खोलीच्या तापमानाला विकणं याच कारणाने धोक्याचं आहे.

कंद ब्रशने घासा. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरला २ मिलिलिटर घातलं की १०० पीपीएम क्लोरीनचं पाणी होतं. त्यात ५ मिनिटं ठेवून पिण्याच्या पाण्यानं धुवा. मऊ, काळसर कंद काढून टाका, कुजका भाग कापून उरलेला वापरू नका. रस गाळून ५ अंशांखाली ३-४ तास ठेवा, तळाशी पांढरा स्टार्च बसेल आणि वरचा रस अलगद ओतून घ्या. ही पायरी गाळली तर तापवताना खळ होते, तळाला लागते आणि महिन्याभरात बाटलीत साका दिसतो. साका पाहून गिऱ्हाईक भेसळीची तक्रार करतं.

मग सायट्रिक आम्ल किंवा लिंबाच्या रसाने पीएच ४.० किंवा खाली आणा. मीटर रोज ४ आणि ७ पीएचच्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, लावून घ्या, कागदी पट्टी रसाच्या पिवळ्या रंगात फसवते. ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून गरमच काचेच्या बाटलीत भरा, झाकण लावून २-३ मिनिटं उलटी धरा म्हणजे झाकणही तापतं. साधी पेट प्लास्टिकची बाटली या तापमानाला आकसते. भरल्यावर दुसऱ्या दिवशी पीएच पुन्हा मोजा, कारण चोथ्यातून तो थोडा वर सरकतो.

सोडियम बेन्झोएट वापरत असाल तर आधी कोमट पाण्यात विरघळवा. आम्लात कोरडंच टाकलं तर बेन्झोइक आम्लाचे पांढरे कण तरंगतात आणि संरक्षक द्रव्य बाटलीबाटलीत कमी-जास्त जातं. आवळा-आलं सरबतात मात्र ते टाळाच. आवळ्यातलं क जीवनसत्त्व आणि बेन्झोएट एकत्र आले की उन्हात किंवा उष्णतेत थोडं बेन्झीन बनू शकतं. तिथे पोटॅशियम सॉर्बेट बरं.

पायरी ६: केसतेल, शाम्पू, क्रीम

पाणी-ग्लिसरीनमधला अर्क जिवाणूंना आवडतो. ड्रम उघडला की उरलेला थंड जागी ठेवा आणि दर खेपेला सूक्ष्मजीव चाचणी करा. ओलिओरेझिन तेलात घालताना ते आधी थोड्या कोमट तेलात घोटा, नाहीतर ते तळाशी बसतं आणि शेवटच्या बाटल्यांत तिखटपणा एकवटतो. डोकं भाजल्याच्या तक्रारी अशाच बाटल्यांतून येतात. तयार मालाची सुरक्षा चाचणी आयएस ४०११ या भारतीय मानकाप्रमाणे करा. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. लेबलवर १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे कुठल्याही क्रमाने.

‘आल्याने केस उगवतात’ हा दावा करू नका. टक्कल आणि नवे केस हे विषय औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये, म्हणजे औषधाने बरं होतं असा दावा करता येत नाही अशा गोष्टींच्या यादीत, येतात. शिवाय २०१३ मध्ये चिनी संशोधकांच्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या मानवी केसमुळांवर आणि उंदरांवर ६-जिंजरॉलने केसांची वाढ उलट मंदावलेली दिसली होती. एवढ्यावरून आल्याचं तेल वाईट ठरत नाही, पण जाहिरातीला काही आधार उरत नाही.

पायरी ७: लेबलवरच्या सूचना

न्यूट्रास्युटिकलवर ‘औषधी वापरासाठी नाही’, दिवसाची मात्रा ओलांडू नये, लहान मुलांच्या हाताला लागू नये, हे वैविध्यपूर्ण आहाराला पर्याय नाही, या सूचना सक्तीच्या आहेत. सोबत १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि शाकाहारी वा मांसाहारी असल्याचं चिन्ह.

दाट अर्काच्या लेबलवर आणखी चार ओळी स्वतःहून द्याव्यात: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, पित्तखडे असणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर आल्याचा परिणाम किती होतो याबाबत अभ्यास एकमताचे नाहीत, पण धोका रक्तस्रावाचा असल्यामुळे सूचना हवीच. जास्त मात्रेत नेहमी येणारी तक्रार मात्र साधी असते: छातीत जळजळ.

पायरी ८: परदेशी पाठवताना

एकच खेप एका बंदरात पास आणि दुसऱ्यात नापास होऊ शकते. अमेरिकेत वाळलेल्या मसाल्यांना इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूची प्रक्रिया चालते, अवशेषाची मर्यादा ७ पीपीएम. युरोपीय संघात ती मसाल्यांना ०.१ मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे, आणि त्यात या वायूपासून बनणारं २-क्लोरोइथेनॉलही धरतात. युरोपसाठीचा माल म्हणून वाफेवर निर्जंतुक करून घ्या आणि करणाऱ्या कंपनीकडून तसं लिहून घ्या. युरोपात आल्याला अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची मर्यादा आहे: बी-१ प्रकाराची ५ आणि एकूण १० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. पावसाळ्यात अंगणात वाळवलेली सुंठ यात सहसा अडकते. प्रसाधनांत आलं तेलातलं सिट्राल, लिनालूल, जिरॅनिऑल हे अंगावर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्याच्या वर गेले की नावानिशी लिहावे लागतात, धुऊन टाकायच्या मालात ०.०१ टक्क्याच्या वर.

पायरी ९: अधिकारी नमुना घ्यायला आले तर

अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतात. त्यातला चौथा भाग तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी तुम्ही त्याच वेळी करू शकता. नंतर आठवून उपयोग नाही. अहवाल विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस असतात. कमी दर्जाच्या मालाला ५ लाखांपर्यंत आणि चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड आहे. असुरक्षित मालाचं प्रकरण तुरुंगापर्यंत जातं.

या सगळ्यात बाजू मांडायला एकच गोष्ट हाताशी असते: प्रत्येक बॅचच्या राखून ठेवलेल्या बाटल्या. एका बॅचच्या किमान सहा ठेवा, त्यातल्या निम्म्या दुकानात असतात तशा उजेडात आणि निम्म्या अंधारात. दर तीन महिन्यांनी पीएच आणि जिंजरॉल-शोगाऑलचे आकडे त्याच वहीत, त्याच बॅच क्रमांकासमोर लिहा. वहीत कच्च्या मालाचा सीओए क्रमांक आणि त्या बॅचच्या बाटल्या कुठल्या दुकानांत गेल्या हेही असू द्या. वर्षातून एकदा एखादी बॅच निवडून तिच्या सगळ्या बाटल्यांचा माग एका दिवसात लागतो का ते बघा.